किती वॅटचा आवाज?

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता एकाच आठवड्यात माझ्यापुढे दोन प्रश्न येऊन उभे राहिले. दोन्ही वॅटचे होते.

पहिला घरातला. धाकट्या भावाचा मुलगा नागपूरला शिकतो. त्याचा जीव पुस्तकापेक्षा गिटारीत अधिक. दसऱ्याला गावी आला, सोने देऊन पाया पडला आणि आशीर्वादाचा हात पाठीवरून उचलायच्या आत म्हणाला, "मोठे बाबा, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आहे. पंधरा वॅटचा घेऊ की शंभर वॅटचा?"

दुसरा गावातला. जामसांवलीच्या पंचक्रोशीत आमचे गाव. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत आमच्या देवळात पहाटे काकड आरती होते, संध्याकाळी हरिपाठ होतो. भजनी मंडळाचा साठ वॅटचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कुरकुरू लागला होता. एका दात्याने देणगी देऊ केली, आणि मंडळातल्या तरुणांनी मागणी केली ती अडीचशे वॅटच्या मशिनीची व चार नव्या भोंग्यांची. मुख्याध्यापक म्हणजे गावातला शहाणा माणूस, अशा समजुतीने मला मंडळाचे अध्यक्ष करून ठेवले आहे. त्यामुळे निर्णय माझ्यावर आला.

मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालो. वॅट बल्बवर छापलेले असतात, यापलीकडे माझे ज्ञान नव्हते. तेव्हा शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना मधल्या सुट्टीत बसवून घेतले. त्यांनी जे सांगितले, त्याने माझ्या पुष्कळ समजुती मोडल्या.

वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, ही पहिली समजूत. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबल, आणि तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणजे पुतण्याचे शंभर वॅटचे यंत्र पंधरा वॅटच्या यंत्रापेक्षा सुमारे आठ डेसिबलनेच मोठे, दुप्पटसुद्धा नाही. माणूस साधे बोलतो तेव्हा त्याच्या मुखातून निघणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असते. एवढ्याशा शक्तीवर आईने लेकराला निजवले, गुरूने शिष्याला शिकवले आणि शेजाऱ्यांनी एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे केली!

दुसरी समजूत लांबीची. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. ही उतरण भरून काढायची तर वॅट चौपट करावे लागतात. साठाचे अडीचशे करून आमच्या मंडळाला काय मिळणार होते? जो आवाज शंभर पावलांवर ऐकू येत होता, तो दोनशे पावलांवर तसाच ऐकू येणार होता. एवढेच. आणि त्यासाठी देवळालगतच्या घरांवर सहा डेसिबलचा जादा भार पडणार होता.

तिसरी गोष्ट मात्र मोठ्या यंत्राच्या बाजूची निघाली. लहान यंत्राकडून त्याच्या कुवतीबाहेरचा आवाज मागितला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. मोठे यंत्र कमी आवाजावर ठेवले तर त्याच्याजवळ राखीव बळ राहते. मृदंगाची एखादी जोरकस थापही ते न फाटता पेलते. पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, गिटारमध्ये उलटं आहे. जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह या यंत्रांत असतात. ते शेवटच्या खुंटीपर्यंत तापवले, की आवाज किंचित फाटतो आणि तोच गोड लागतो. पंधरा वॅटच्या यंत्रात ती गोडी लवकर येते. शंभरच्या यंत्रातून ती काढायची तर शेजारी घर सोडून जातील."

मग त्याने शंभर वॅटच्या यंत्राचा जन्म कसा झाला ते सांगितले. लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा दुकानदार गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनवी. 'द हू' या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून १९६५ साली मार्शलने शंभर वॅटची यंत्रे तयार केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर श्रोते होते. वादकांजवळ शंभर वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर होते. पण श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना आपले स्वतःचे वाजवणेही ऐकू येईना. पुढे १९७६ मध्ये 'द हू'च्या एका कार्यक्रमाची जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून गिनीज बुकात नोंद झाली: बत्तीस मीटरांवर १२६ डेसिबल. नंतर गिनीजने हा विक्रम नोंदवणेच बंद केले, कारण त्यात कान बिघडवण्याला उत्तेजन होते. आणि ज्याने मोठा आवाज मागितला होता, त्या टाउनशेंडने पुढे आपली श्रवणशक्ती खालावल्याचे जाहीरपणे सांगितले.

असो. दूरदेशीच्या गोष्टी ऐकून मान डोलावणे सोपे असते. मंडळाच्या बैठकीत मला जी गोष्ट टोचत होती, ती इथली होती.

त्याच्या तीन वर्षे आधीची गोष्ट. काकड आरती चालू होती. देवळाच्या शिखराखाली बांधलेल्या भोंग्याचे तोंड ज्या घरावर होते, त्या घरची बाई मला भेटायला आली. घरात सून बाळंतीण होती, लेकरू सव्वा महिन्याचेही झालेले नव्हते. भोंग्याचे तोंड थोडे फिरवता येईल का, एवढेच तिचे म्हणणे. मी गोड बोललो. देवाचे काम आहे, पौर्णिमा जवळ आली आहे, चार दिवसांचा प्रश्न आहे, असे सांगितले. ती उठली. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, "तुमचं घर त गावाच्या त्या टोकाले आहे, गुरुजी."

तिच्या स्वरात राग नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत अचूक उत्तर लिहावे तसे ते वाक्य होते. त्या वेळी मी भोंगा फिरवला नाही. मी चुकलो होतो, आणि चुकलो आहे हे मला तेव्हाही कळले होते.

म्हणून बैठकीत मी आधीच अडीचशे वॅटला विरोध करण्याच्या तयारीने बसलो होतो. पण तरुणांनी जे उदाहरण पुढे केले ते माझ्याच घरचे निघाले. "गुरुजी, तुमच्या आबाले ऐकू जाते का आता? एवढे वर्षं मृदंग वाजवला त्यायनं या देवळात. म्हातारी माणसं गावाच्या त्या टोकाले राह्यतात. त्यायच्यासाठी तरी मोठी मशीन पाहिजे." माझे वडील पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कान पुष्कळ गेले आहेत. या मुलांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ते प्रेमाने बोलत होते. एकाला सोसवत नाही, दुसऱ्याला पोहोचत नाही. आता न्याय कोणाच्या बाजूने द्यायचा?

प्रयोग करून पाहू, असे ठरले. मंडपवाल्याकडून मोठी मशीन एका संध्याकाळपुरती आणली. वडिलांना ओट्यावर खुर्चीत बसवले. देवळात हरिपाठ सुरू झाला आणि आमच्या टोकापर्यंत आवाज खणखणीत आला. वडिलांनी थोडा वेळ कान दिला, मग हात हलवला. "आवाज त लय येते बाबू, पण शब्द नाही येत."

याचेही कारण विज्ञान शिक्षकांनीच सांगितले. म्हातारपणी आधी जातात ते उंच पट्टीचे सूर. स, त, फ ही व्यंजने त्या पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. त्यामुळे आवाज वाढवला की गुंजन वाढते, शब्द वाढत नाहीत. शिवाय लांबून येणाऱ्या आवाजात भिंतींवरून परतलेले प्रतिध्वनी मिसळतात आणि उरलेला शब्दही विस्कटतो. दुसऱ्या दिवशी पुतण्याने मित्राचे पंधरा वॅटचे लहान यंत्र आणले, वडिलांपासून दोन हातांवर ठेवले, आवाज मध्यम केला आणि माइक तोंडाशी धरून तो स्वतः हरिपाठ म्हणू लागला. त्याला अर्धे शब्द येत नव्हते. वडील ऐकत होते. बोटे मांडीवर ठेका धरू लागली. तिसऱ्या ओळीला त्यांनी पोराला थांबवले आणि त्याचा चुकलेला शब्द दुरुस्त केला.

त्या संध्याकाळी मला आमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर दिसले. आपण आवाज वाढवतो तो बहुधा अंतर न चालण्यासाठी. जवळ जाण्याचे श्रम वाचावेत म्हणून माणूस वॅट विकत घेतो.

शिक्षकाला हे फार आधी समजायला हवे होते. नवा शिक्षक वर्गात गोंगाट झाला की ओरडतो. मुले त्यावर आणखी बोलतात. मुरलेला शिक्षक आवाज खाली आणतो आणि बाकांच्या रांगांतून चालत शेवटच्या मुलापाशी जाऊन उभा राहतो. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात नाटकगृहात माइक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत जे गाणे जाई, त्यात गळ्याच्या तयारीइतकाच श्रोत्यांच्या शांततेचा वाटा असे. अर्धा आवाज ऐकणारा देत असतो. बळजबरीने कानात ओतलेल्या आवाजाला हा अर्धा हिस्सा कधीच मिळत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याने हळू बोलण्याचे गुणगान करणे सोपे आहे. मुख्याध्यापक हळू बोलला तरी लोक मान वळवतात. ज्यांचे कधी कोणी ऐकलेच नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्या सभांना, मोर्चांना ध्वनिवर्धकाने केवढे बळ दिले आहे! आमच्या ग्रामसभेत मागे बसलेल्या बाईच्या हातात माइक गेला, तेव्हाच तिचे पाण्याचे गाऱ्हाणे पुढच्या खुर्च्यांपर्यंत आले. तो आवाज कोणाला कर्कश वाटला असेल, तर वाटू द्यावा. तेव्हा मोठा आवाज मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. विचारायचे ते एवढेच, की हा आवाज ज्याला बोलता येत नव्हते त्याला बोलते करतो आहे, की ज्याला नको म्हणता येत नाही त्याला गप्प करतो आहे? त्या बाळंतिणीच्या घराला नको म्हणता आले नाही. ग्रामसभेतल्या पुढच्या खुर्च्यांना ते केव्हाही म्हणता येते.

तरुणांचा दुसरा मुद्दा जास्त चतुर होता. "गुरुजी, मशीन मोठीच घेऊ, पण आवाज कमी ठेवू." शास्त्राच्या दृष्टीने हे सर्वांत उत्तम. नीतीच्या दृष्टीनेही सामर्थ्य असून संयम ठेवणारा श्रेष्ठच. पण खुंटी ज्याच्या हातात असते त्याच्याविषयी एक गोष्ट मला कळली होती. मोठ्या आवाजाजवळ काही वेळ बसलेल्याचे कान तात्पुरते मंद होतात. त्याला आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून तो खुंटी आणखी फिरवतो. म्हणजे आवाज किती असावा हे ठरवायला सर्वांत अपात्र माणूस तोच, जो तो ठरवायला बसलेला असतो! हे फक्त मशिनीपुरते खरे नाही. सत्तेजवळ, पैशाजवळ, स्वतःच्या कौतुकाजवळ बसलेल्या माणसाचेही कान असेच मंद होतात, आणि आपला आवाज अजून कमीच पडतो आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते.

कायद्याने याला मर्यादा घातली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सांगितले, की ध्वनिवर्धकातून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. मध्य प्रदेश शासनानेही डिसेंबर २०२३ मध्ये धार्मिक स्थळांवरच्या ध्वनिवर्धकांविषयी आदेश काढला. पण कायदा वरची कड दाखवतो. कडेच्या आत राहूनही माणूस शेजाऱ्याला पुरेसे छळू शकतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. त्यात सत्य आणि प्रिय यांच्याही आधी येते ती अट म्हणजे बोलण्याने दुसऱ्याला उद्वेग होऊ नये. हा क्रम मी वर्गात कितीदा शिकवला असेन. भोंग्याला तो लागू होतो हे मात्र ध्यानात आले नव्हते.

जामसांवलीला आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले असतील. तिथला मारुती उभा नाही, निजलेला आहे. मंगळवारी, शनिवारी केवढी गर्दी असते. मनाने थकलेली, आजारी माणसे घेऊन लोक लांबून येतात. तरी मूर्तीसमोर पोहोचलेला माणूस आपोआप आवाज खाली आणतो, असे मी पाहिले आहे. निजलेल्यासमोर हळू बोलावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. जे आपण निजलेल्या देवासाठी करतो, ते निजलेल्या लेकरासाठी का करू नये?

या निमित्ताने आपल्या भागातली आणखी एक गोष्ट मनात येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात सौंसर आणि पांढुर्णा यांचा वेगळा जिल्हा झाला, तोही याच राज्यात. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशी आपल्या मुलांची घडण. मराठीची काळजी आपण करतो ती बहुधा व्यासपीठावरून, माइकसमोर. मीही अशी भाषणे केली आहेत, आणि घरी येऊन नातवंडांना सोपे जावे म्हणून हिंदीत बोललो आहे. माझ्या पुतण्याला हरिपाठाचे शब्द कोणत्याही भाषणाने आले नाहीत. ते आले आजोबांपासून दोन हातांवर बसल्याने, चुकून, दुरुस्त होऊन. भाषा कदाचित तेवढ्याच अंतरावर जगते. हिंदीशी भांडून ती मोठी होत नाही, आणि मोठ्याने घोषणा दिल्याने पोरांच्या तोंडी येत नाही.

मंडळाचा निर्णय शेवटी असा झाला. मोठी मशीन घेतली नाही. शंभर वॅटची साधी मशीन घेतली, शिखराखालचा भोंगा उतरवला आणि सभामंडपात चार लहान पेट्या लावल्या, तोंडे आतल्या बाजूला. पहाटेची काकड आरती माइकशिवाय, गळ्यानेच. गावाच्या टोकावरच्या म्हाताऱ्यांना संध्याकाळी तरुणांनी आपापल्या मोटारसायकलवर देवळात आणायचे. वडील गेल्या कार्तिकात बहुतेक दिवस पखवाजाशेजारी बसले.

खुंटी कुठवर फिरवायची, हे ठरवायला मी त्या बाईंच्या घरी गेलो. जुन्या गोष्टीची क्षमा मागितली. त्यांनी ती गोष्ट उडवून लावली. विसरल्या नव्हत्या, हे चेहऱ्यावरून दिसले. मग त्यांना त्यांच्याच अंगणात उभे केले आणि देवळात हरिपाठ सुरू केला. मंडळाचा मुलगा घाबरत घाबरत खुंटी अगदी खाली ठेवून होता. बाईंनी क्षणभर ऐकले आणि हाक दिली, "वाढवा ना थोडा! मलेबी त ऐकू आलं पाहिजे."

त्या थांब म्हणाल्या तिथे आम्ही खुंटीवर लाल रंगाची खूण केली. ती खूण मी स्वतः केली असती त्यापेक्षा थोडी वरच आहे.

पुतण्याने पंधरा वॅटचे यंत्र घेतले. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते पुरणार नाही अशी त्याला धास्ती होती. पण यंत्रासमोर माइक ठेवला की सभागृहाच्या स्पीकरांतून तोच आवाज सगळीकडे जातो, आणि तसेच झाले. सगळे आनंदाने मान्य झाले असे मात्र नाही. शेजारच्या गावचा सप्ताह आमच्या गावात ऐकू येतो, आमचा त्यांच्याकडे जात नाही, ही खंत काही तरुणांना अजून आहे. एक-दोनदा खुंटी खुणेच्या पुढे गेलेली मी पाहिली आहे. बोटांनी घासून घासून लाल रंगही पुसट झाला आहे. या वर्षी काकड आरती बसण्याआधी तो पुन्हा लावायचा आहे. रंगाची डबी मी त्या बाईंच्या घरी नेऊन देणार आहे. बाळंतिणीचे ते लेकरू आता अंगणात धावते. ब्रश बहुधा तेच धरील.